सिरीज ३ लँड रोव्हर (८८ इंची): पाटे तसेच ठेवून डिस्कव्हरीचे ॲक्सल बसवायचे आहेत

डोंगरकपार

मंडळी, गाडी १९७९ ची सिरीज ३, ८८ इंची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. इंजिन २.२५ पेट्रोल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर बॉक्स (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा, हाय-लो रेंजचा डबा) मूळचेच. चारही चाकांना ड्रम. पाटे (लीफ स्प्रिंग) पॅराबोलिक आहेत आणि चांगले आहेत. नोंदणी ब्रिटनमधली.

१९९२ च्या डिस्कव्हरी १ ची पुढची-मागची ॲक्सलची जोडी मिळाली आहे. हबपासून हबपर्यंत अख्खी, डिस्क आणि कॅलिपरसकट. कॉइल स्प्रिंगवर जायचं नाही, चेसिसला हात लावायचा नाही. पाट्यांवरच हे ॲक्सल बसवायचे आहेत. हेतू दोन: डिस्क ब्रेक हवेत, आणि पुढच्या शाफ्टमधले क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) जाऊन सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही एकसारखे फिरणारे सांधे) यायला हवेत.

कुणी म्हणतं शनिवार-रविवारचं काम आहे, कुणी म्हणतं नादाला लागू नका. नेमकं काय काय आडवं येतं? डिफचा (ॲक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचा) रेशो, पाट्यांचे पॅड (पाटा ज्यावर टेकतो त्या ॲक्सलवरच्या बैठका), स्टिअरिंग, ब्रेक आणि कागदपत्रं, या पाचांबद्दल जाणकारांनी सांगावं.

---

सत्तेचाळीस_दहा

सगळ्यात आधी रेशो, कारण बाकीचं गणित त्यावर बसतं.

तुमच्या सिरीजच्या डिफमध्ये क्राउनला (मोठ्या चक्राला) ४७ दात, पिनियनला (लहान चक्राला) १०, म्हणजे ४.७. डिस्कव्हरीत ४६ आणि १३, म्हणजे ३.५४. ॲक्सल जसेच्या तसे लावले तर सगळे गिअर ३३ टक्क्यांनी लांबतात. सिरीज ३ चा ट्रान्स्फर बॉक्स हाय रेंजला १.१५ आणि लोला २.३५ आहे, पहिला गिअर ३.६८. त्यावरून:

चौथा गिअर, हाय रेंज: आता ५.४०, मग ४.०६.
पहिला गिअर, लो रेंज: आता ४०.६, मग ३०.६.

७.५०-१६ टायरवर इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना आता ताशी ८२ किमीच्या आसपास वेग मिळतो, तो १०९ वर जाईल. कागदावर झकास. पण २.२५ पेट्रोलमध्ये तेवढा दम नाही. जरा चढ आला की चौथ्यातून तिसऱ्यात उतरावं लागेल, आणि चिखलात लो रेंजचा पहिला गिअर रांगण्याऐवजी धावायला लागेल. उतारावर इंजिनाचा ब्रेकही तेवढाच कमी. शिवाय या गाडीचा स्पीडोमीटर ट्रान्स्फर बॉक्सवरून चालतो, त्याला ॲक्सल बदललेला कळत नाही. काटा ४५ मैलांवर असेल तेव्हा गाडी ६० ने जात असेल.

टीडीआय (टर्बो डिझेल) इंजिन टाकलेल्या सिरीजला ३.५४ शोभतो. तुमच्या इंजिनाला नाही.

उपाय तुमच्याच जुन्या ॲक्सलमध्ये आहे. रोव्हरचं डिफ एकसंध गड्डा म्हणून बाहेर येतं: दहा नट, अर्धे शाफ्ट मागे ओढले की सुटतं. पुढचं आणि मागचं एकच. सिरीजचा ४.७ चा गड्डा डिस्कव्हरीच्या हौजिंगवर थेट बसतो, फक्त शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरचे उभे दात) जुळायला हव्यात. सिरीजच्या डिफमध्ये १० स्प्लाइन आहेत. डिस्कव्हरीतही सुरुवातीला १० च होत्या, १९९३-९४ च्या सुमारास २४ आल्या. तुमची जोडी १९९२ ची म्हणजे १० निघायला हरकत नाही, पण सालावर जाऊ नका. भंगारातून आलेल्या ॲक्सलचं साल विकणाऱ्याच्या तोंडावर असतं. मागच्या हबवरचे ड्राइव्ह फ्लँजचे पाच बोल्ट काढा, शाफ्ट ओढून बाहेर घ्या आणि दात मोजा. पुढच्याचेही दात मोजा, कारण जोडी एकाच गाडीची असेल असं नाही; मात्र तिथे शाफ्ट सीव्हीसकट निघतो, म्हणून आधी हब आणि स्टब ॲक्सल काढावे लागतात.

१० निघाल्या तर एका दगडात तीन पक्षी. रेशो राहतो, स्पीडोमीटर खरं बोलतो, आणि तिसरा फायदा असा: डिस्कव्हरीच्या मागच्या डिफवर प्रॉपेलर शाफ्टसाठी रबरी रोटोफ्लेक्स कपलिंग असतं, तीन पायांच्या फ्लँजचं. तुमच्या शाफ्टला चार बोल्टचा साधा फ्लँज आहे. ४.७ चा गड्डा स्वतःचा चार बोल्टचा फ्लँज घेऊन येतो, त्यामुळे ते झंझटच संपतं.

२४ निघाल्या तर ४.७ चा क्राउन-पिनियन २४ स्प्लाइनच्या केजवर चढवून शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दातांमधला खेळ) बसवावा लागेल. ते काम डायल गेज असलेल्या आणि रोज डिफ उघडणाऱ्या माणसाकडे द्या. अंदाजाने बसवलेला क्राउन आधी ओरडतो, मग दात टाकतो.

आणि दोन्ही ॲक्सलचा रेशो एकच ठेवा. सिरीजच्या ट्रान्स्फर बॉक्समध्ये मधलं डिफरन्शियल नाही. पुढे ३.५४ आणि मागे ४.७ ठेवून फोर व्हील लावली तर पहिल्याच कठीण जमिनीवर काहीतरी तुटेल.

लांबच्या रस्त्यासाठी वेग हवाच असेल तर फेअरी ओव्हरड्राइव्ह बघा. त्याचा रेशो ०.७८२, म्हणजे ४.७ वर चौथा गिअर ४.२२ होतो. ३.५४ च्या ॲक्सलवर मिळणाऱ्या ४.०६ च्या जवळपास, आणि हवा तेव्हा बंद करता येतो.

---

पाटा_आणि_पॅड

सत्तेचाळीस_दहा यांनी रेशोचं सांगितलं. आता लोखंडाचं.

डिस्कव्हरी १, जुनी रेंज रोव्हर आणि डिफेंडर या ॲक्सलचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ५८.५ इंच. सिरीजचा ५१.५. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच, ८९ मिमी चाक बाहेर. हे आधीच पत्करा. डिफेंडरला चाकांवर त्या रबरी भुवया आहेत त्या याच कारणाने: बॉडी तेवढीच राहिली, ॲक्सल रुंद झाला. तुम्हालाही लावाव्या लागतील, नाहीतर टायर मडगार्डच्या बाहेर राहील आणि चिखल थेट दारावर येईल.

डिफचा फुगवटा सिरीजमध्ये उजवीकडे असतो, डिस्कव्हरीतही पुढे-मागे उजवीकडेच. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट ढोबळमानाने रांगेत येतात. हे नशीब समजा, सगळ्याच गाड्यांच्या जोड्यांत असं नसतं.

काय कापायचं: पुढच्या ॲक्सलवरून कॉइलच्या बैठका, रेडिअस आर्मचे कान, पॅनहार्ड रॉडचा कान. मागच्यावरून कॉइलच्या बैठका, खालच्या लिंकचे कान, डोक्यावरचा ए-फ्रेमच्या बॉल जॉइंटचा ब्रॅकेट, शॉकचे ब्रॅकेट. पाटे ॲक्सलला पुढे-मागे आणि आडवंही धरून ठेवतात, त्यामुळे पॅनहार्ड रॉडची गरज नाही. उलट ठेवलात तर तो पाट्यांशी भांडेल. गॅस कटरने सरळ ट्यूबपर्यंत कापू नका. तीन-चार मिमी शिल्लक ठेवून कापा आणि उरलेलं ग्राइंडरने फ्लॅप डिस्क लावून उतरवा. ट्यूबमध्ये खाच पडली की तडा तिथूनच सुरू होतो.

कापण्याआधी जुन्या ॲक्सलचं माप घ्या, आणि मापं कागदावर नको, लोखंडावर घ्या. ॲक्सलच्या लांबीचा ५० मिमी अँगल घ्या, जुन्या ॲक्सलच्या दोन्ही पॅडच्या मधल्या भोकांत बोल्ट घालून तो त्याला आवळा. डिफच्या फ्लँजपासून पॅडपर्यंतचं आडवं अंतरही अँगलवर पंचने खूण करून ठेवा. हा अँगल आता तुमचा साचा. नवे पॅड याच साच्याला बोल्टने आवळून मग ट्यूबखाली धरायचे. पॅड एकमेकांना समांतर राहतात, आणि पाट्याचा सेंटर बोल्ट शोधत बसावं लागत नाही.

सिरीजमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असतात हे विसरू नका. पॅड ट्यूबच्या पोटाला लागतो. म्हणजे पॅड जेवढा जाड कराल तेवढी गाडी खाली बसेल, वर चढणार नाही. जुन्या पॅडपासून ट्यूबच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि तीच नव्यावर आणा. पाटा अडीच इंच रुंद आहे, पॅड त्याहून अंगुळभर जास्त ठेवा. पॅडच्या दोन्ही बाजूंच्या भिंती ट्यूबच्या गोलाईत नेमक्या बसतील अशा कापा. फट वेल्डने भरून काढायची सवय इथे चालत नाही.

आता कोन. हीच खरी मेख आहे.

मागे: गाडी चाकांवर, रोजचं सामान आत, पाटे बसलेले. ट्रान्स्फर बॉक्सच्या आउटपुट फ्लँजच्या तोंडावर डिजिटल अँगल गेज लावा, मग पिनियनच्या फ्लँजवर. दोन्ही समांतर हवेत. पाटे जोर लागल्यावर पिळतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून बसवताना नाक समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवा. जोर लागला की ते जागेवर येतं.

पुढे: कॅस्टर ३ अंश, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं. डिस्कव्हरीत हा कोन रेडिअस आर्म ठरवतात, तुमच्याकडे पॅड ठरवणार. हौजिंग फिरवलं की कॅस्टर आणि पिनियनचा कोन दोन्ही एकदम हलतात, दोन्ही हवे तसे मिळतीलच असं नाही. ओढाताण झाली तर कॅस्टरला झुकतं माप द्या. सिरीजमध्ये रस्त्यावर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट रिकामा फिरतो, त्याच्यावर जोर फक्त फोर व्हीलमध्ये आणि बहुधा कमी वेगात येतो. त्याचा कोन अंशभर चुकला तर थोडा थरथराट. कॅस्टर कमी पडला तर स्टिअरिंग वळून परत सरळ येणार नाही आणि गाडी रस्त्यावर भटकेल.

क्रम असा ठेवा. पॅड ट्यूबला न जोडता फक्त यू-बोल्टने आवळून ॲक्सल गाडीखाली घ्या. गाडी चाकांवर उतरवा, हाताने दोन-चार फूट पुढे-मागे ढकला म्हणजे पाटे आणि शॅकल आपापल्या जागी बसतील. यू-बोल्ट जरा सैल करून हौजिंग फिरवा, कोन बघा, आवळा, पुन्हा बघा. पटलं की प्रत्येक पॅडला चार टाके. मग ॲक्सल खाली काढून पक्कं वेल्डिंग.

वेल्डिंगच्या वेळी डिफ, शाफ्ट, सील, हब, सगळं बाहेर. आतलं तेल डिझेलने धुऊन पुसून घ्या, नाहीतर वेल्डमध्ये भोकं पडतात आणि धूर वेगळा. एका वेळी २५-३० मिमीपेक्षा जास्त ओढू नका: एक टाका डाव्या पॅडला, एक उजव्याला, मग पलीकडच्या बाजूला, आणि मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. एका दमात वेल्ड केलं तर ट्यूब केळीसारखी वाकते. तपासणी सोपी: झाल्यावर शाफ्ट हाताने आत सरकवा. डिफच्या स्प्लाइनमध्ये तो विनासायास शिरला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर ट्यूब वाकलीय. अर्थचा चिमटा त्याच हौजिंगला लावा, चेसिसला नको.

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नसतात. तिरपे-तिरपे आवळा आणि पहिल्या शंभर मैलांनंतर पुन्हा पाना लावा.

---

तांब्याची_नळी

ब्रेकचं माझ्याकडून.

दिलासा आधी. सिरीजचा हँडब्रेक ट्रान्स्फर बॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर आहे. चाकांशी त्याचा संबंध नाही. डिस्कव्हरीचे मागचे कॅलिपरही हँडब्रेकशिवाय आहेत. म्हणजे तिथे काही करायचं नाही.

मास्टर सिलिंडर मात्र बदला. ड्रमसाठीचा सिलिंडर डिस्कवर दोन प्रकारे त्रास देतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना तेल जास्त लागतं, त्यामुळे पेडल खोल जातं. आणि ड्रमच्या व्यवस्थेत लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते, ती डिस्कचे पॅड कायम घासत ठेवते. दहा मैल चालवून हबला हात लावला तर चटका बसेल. पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क असलेल्या नंतरच्या डिफेंडर ९० चा सिलिंडर आणि बूस्टर जोडीने घ्या. डिस्कला बूस्टरशिवाय चालणारच नाही, पाय भरून येतील.

मागच्या लाइनवर दाब कमी करणारी झडप लावाच. ८८ इंची गाडीचं बूड हलकं आहे, ब्रेक मारला की वजन पुढे जातं. झडप नसेल तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतील आणि गाडी फिरेल. खर्च वाचवायला लोक नेमकी हीच झडप गाळतात.

आट्यांकडे लक्ष द्या. डिस्कव्हरीचे कॅलिपर मेट्रिक, १० मिमी बाय १. तुमच्या जुन्या लाइन इंची. ३/८ चा नट मेट्रिक भोकात दोन-तीन आटे शिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि पेडल जोरात दाबलं की सुटतो. ३/१६ ची तांबे-निकेलची नळी आणा आणि दोन्ही टोकांना योग्य नट घालून नवीनच बनवा. कॅलिपरला एक होज आहे की दोन तेही बघून ठेवा, जुन्या रेंज रोव्हरच्या काही कॅलिपरना दोन-दोन असतात. रबरी होजची लांबी ॲक्सल पूर्ण खाली लटकलेला असताना आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तपासा.

रिम १६ इंची घ्या, १५ इंचीत पुढचा कॅलिपर घासू शकतो. चाकाची पाच भोकं १६५.१ मिमीच्या वर्तुळावर आहेत, सिरीज आणि डिस्कव्हरी १ ची सारखीच. (डिस्कव्हरी २ ची वेगळी, १२० मिमी. कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका.) ॲलॉयचे नट स्टीलच्या रिमला लावू नका, निमुळत्या तोंडाचे नट घ्या.

---

राहू_द्या_ड्रम

सगळे उत्साहात आहेत म्हणून थंड पाण्याची तांब्याभर धार.

फक्त ब्रेक चांगले हवे असतील तर एवढा खटाटोप कशाला? ८८ इंचीला साधारण १० इंची ड्रम असतात. १०९ इंचीला ११ इंची, आणि पुढे प्रत्येक चाकात दोन सिलिंडर, दोन्ही शू लीडिंग. तो पुढचा संच तुमच्या सध्याच्या ॲक्सलवर चढतो. कापाकापी नाही, भुवया नाहीत, गाडीची रुंदी तीच. दोन दिवसांचं काम, आणि नीट जुळवला तर ८८ इंचीच्या वजनाला पुरून उरतो.

सीव्ही जॉइंटचा मुद्दा मान्य. पण पाट्यांवरची आणि पुढे सीव्ही असलेली सिरीज कारखान्यातूनही निघालेली आहे: १९७९ पासूनची स्टेज वन व्ही८, १०९ इंची, कायम फोर व्हील. तिचा पुढचा ॲक्सल पाट्यांसाठीच बनलेला. मिळायला दुर्मीळ आणि महाग हे खरं, ब्रेकही ड्रमच. पण मिळाला तर पॅड वेल्ड करायची कटकट वाचते. रेशो तिथेही ३.५४ आहे, म्हणजे गड्डा बदलणं आलंच.

आणि ४.७ चा गड्डा नव्या ॲक्सलमध्ये घातलात की शाफ्ट आणि सीव्ही नवे, पण पिनियन तेच जुनं, दोन पिनांची केजही तीच. साखळीची कमजोर कडी फक्त जागा बदलते. मोठे टायर आणि दगडांवरून उड्या हा बेत असेल तर हे लक्षात असू द्या.

---

डोंगरकपार

सगळ्यांचे आभार. मोजमाप केलं. दोन्ही ॲक्सलवर १० स्प्लाइन. म्हणजे ४.७ चे गड्डे जुन्यातून नव्यात, हे ठरलं. मोठे टायर घालायचे नाहीत, ७.५०-१६ च.

राहू_द्या_ड्रम यांचा मुद्दा रास्त आहे, पण ॲक्सल दारात येऊन पडलेत आणि जुन्या ॲक्सलचे स्विव्हल बॉल (पुढची चाकं ज्यांवर वळतात ते गोळे) गंजून खड्डे पडलेत, ते तसेही बदलावे लागणार होते.

साचा बनवून पुढचा ॲक्सल धरून पाहिला. दोन अडचणी. एक, उजव्या पॅडची आतली कड डिफच्या फुगवट्याच्या उतारावर येते, सपाट बसत नाही. दोन, डिस्कव्हरीचा ट्रॅक रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) ॲक्सलच्या मागून जातो आणि तो पाट्यांच्या फार जवळ आहे. पाटे खाली दाबले जातील तेव्हा काय होईल कळत नाही. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा) पुढून आहे, ती मोकळी आहे.

---

पाटा_आणि_पॅड

पहिल्याचं आधी. पाटा बाहेर सरकवायचा मोह होईल, सरकवू नका. पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या ठरलेल्या कानात आहे. मधला भाग १० मिमी जरी बाहेर ओढलात तरी पाटा तिरका बसतो, बुश एका कडेने खातो आणि गाडी एका बाजूला ओढते. फुगवटा घासून सपाट करायचाही नाही, तो पत्रा आहे, आत क्राउन फिरतोय.

पॅडलाच उताराचा आकार द्या. पुठ्ठ्याचा नमुना कापून फुगवट्यावर बसवा, कात्रीने छाटत छाटत प्रकाश दिसेनासा झाला की तो आकार ८ मिमी पट्टीवर उतरवा. आतली भिंत बाहेरच्यापेक्षा बुटकी होईल, होऊ द्या. खालचा तळ मात्र साच्याला बोल्ट लावूनच सपाट ठेवा. यू-बोल्टचा आतला पाय फुगवट्यावरून वाकडा येत असेल तर त्याला बळजबरीने बसवू नका. वाकडा यू-बोल्ट आवळताना सरळ होत जातो आणि महिन्याभराने सैल सापडतो. त्या ठिकाणी फुगवट्याच्या आकाराचा यू-बोल्ट वाकवून घ्या. पाटे-कमानी बनवणारी दुकानं नमुना दिला की देतात.

ट्रॅक रॉडचं: गाडी घोड्यांवर घ्या, पाटे सुटे करा. आता ॲक्सलखाली जॅक लावून तो चेसिसच्या बंप स्टॉपला (ॲक्सल फार वर आला की अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत उचला. त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रॉड, पाट्याची जागा, खालची प्लेट आणि यू-बोल्टचे नट यांच्यात कुठेही २० मिमीपेक्षा कमी फट दिसली तर बदल करा. पाटा तिथे मूळ जागी धरायला विसरू नका, सुटा काढून मोजणारे फसतात. यू-बोल्टचे उरलेले आटे कापून टाका, बऱ्याचदा रॉड त्यांनाच लागतो.

तरीही लागत असेल तर रॉड गरम करून वाकवायचा नाही आणि स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग तर मुळीच नाही. वाकवलेला रॉड दाबाखाली स्प्रिंगसारखा वागतो, टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते) सतत बदलत राहतो. मार्ग एकच सुरक्षित: पॅड थोडा उंच करून पाटा रॉडपासून खाली नेणं. वर सांगितलंय तसं, त्याने गाडी तेवढीच खाली बसेल. १० मिमीने काही बिघडत नाही, ३० ने बंप स्टॉप लवकर लागेल.

---

सत्तेचाळीस_दहा

टो बद्दल कुणी बोललं नाही. डिस्कव्हरीचा आकडा वापरू नका. तिथे पुढची चाकं कायम ओढत असतात, जोर लागला की आत वळू बघतात, म्हणून कारखाना थोडा टो-आउट देतो. तुमच्या गाडीत रस्त्यावर पुढची चाकं नुसती ढकलली जातात, घर्षणाने बाहेर उघडू बघतात. म्हणून सिरीजचाच टो-इन ठेवा: १.२ ते २.४ मिमी.

तेल: डिफमध्ये १.७ लिटर ईपी ९०. स्विव्हलमध्ये ०.३५ लिटर तेच. पण उघडल्यावर आत गडद पातळ ग्रीस दिसलं तर कुणीतरी नंतरचं एकदाच भरायचं ग्रीस घातलंय. मग तेच पुन्हा भरा किंवा सगळं धुऊन तेल घाला, दोन्ही मिसळू नका. श्वासनळी जुन्या ॲक्सलवर साधी झडप असते. डिस्कव्हरीच्या ॲक्सलला वर नेलेली नळी असेल तर ती चेसिसवर उंच बांधा, ओढा ओलांडताना गरम डिफ पाणी आत ओढतं.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी सगळं बसल्यावर, गाडी चाकांवर असताना, फ्लँज ते फ्लँज मोजा. स्लायडिंग जोडात दोन्ही बाजूंना २५ मिमी तरी खेळ हवा.

---

कागद_पत्रे

ब्रिटनमधल्या नियमांचं थोडक्यात.

डीव्हीएलए (गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं) २०२५ पर्यंत मोठा बदल झालेल्या गाडीला गुणांनी मोजत असे: चेसिस ५, सस्पेन्शन २, ॲक्सल २, ट्रान्समिशन २, स्टिअरिंग २, इंजिन १. मूळ नोंदणी टिकवायला ८ गुण लागत, आणि चेसिस मूळची (किंवा तशीच नवी) लागे. त्या हिशेबाने तुमचे फक्त ॲक्सलचे २ जातात, १२ उरतात. चेसिसला हात लावायचा नाही हा तुमचा निर्णय इथे कामी येतो. ती कापली असती तर ५ गुण तर गेलेच असते, मूळ चेसिसची अटही मोडली असती.

गाडी ४० वर्षांवरची म्हणजे एमओटीची (वार्षिक तपासणीची) सूट मिळू शकते, पण गेल्या ३० वर्षांत मोठा बदल नसेल तरच. ॲक्सल आणि रनिंग गिअरच्या बाबतीत मोठा बदल म्हणजे सस्पेन्शनचा किंवा स्टिअरिंगचा प्रकार बदलणं. सुरक्षिततेसाठी केलेली सुधारणा त्यात धरत नाहीत. पाटे पाट्यांवरच राहिले आणि स्टिअरिंग मूळचंच ठेवलं तर तुमची बाजू भक्कम आहे. तरी पहिल्या वर्षी स्वतःहून एमओटी करून घ्या: ब्रेक रोलरवर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे छापून मिळतात, दाब कमी करणारी झडप काम करतेय की नाही ते तिथेच कळतं. टायरचा घासणारा भाग भुवईखाली झाकलेला हवा. विमा कंपनीला लेखी कळवा, फोटोसकट.

---

डोंगरकपार

उजव्या पॅडचा पुठ्ठा कापून झाला. ट्रॅक रॉड बंप स्टॉपवर असताना डाव्या पाट्यापासून १४ मिमीवर येतो, यू-बोल्टचे आटे छाटल्यावर. पॅड १० मिमीने उंच करतो, म्हणजे २४. उजवीकडेही तेवढाच, नाहीतर गाडी लंगडी दिसायची. मागच्या पॅडची उंची जुनी ठेवली तर चालेल का, की चारही सारखे?

---

पाटा_आणि_पॅड

मागचे जुन्याच उंचीचे ठेवा. पुढचं नाक १० मिमी खाली गेल्याने कॅस्टर जरासा कमी होतो, अगदी किंचित. पॅड टाके मारण्याआधी गेज पुन्हा लावा आणि ३ अंश त्या नव्या उंचीवर बसवा, आधीच्या मोजमापावर नको.